कीटकभक्षी झाडांच्या कुंडीसाठी वाळू: आधी खडक, मग दाणा, मग धुणं

बांधकामाच्या सामानाच्या दुकानात जाऊन "चांगली वाळू द्या" म्हटलं की जी मिळते ती गवंड्याच्या दृष्टीने चांगली असते. व्हीनस फ्लायट्रॅप, ड्रॉसेरा, सारासेनिया या झाडांसाठी तीच बहुतेक वेळा वाईट ठरते. काँक्रीटला लहान-मोठे सगळे दाणे एकत्र असलेली वाळू लागते, कारण त्यामुळे फटी बुजतात आणि सिमेंट कमी लागतं. आपल्याला नेमक्या त्या फटीच हव्या असतात. बरणीत नुसती बोरं भरली तर मधेमधे हवा राहते. वरून मोहरी ओतली की ती जागा संपते. कुंडीत बारीक वाळू मोहरीचं काम करते.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर बसलेला आहे आणि आपल्या बहुतेक नद्यांची वाळू त्याच खडकाचा चुरा आहे. परदेशी लेखांमध्ये "वाळू" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकाची वाळू असते. तो सल्ला वाचून आपण नीरेची किंवा भीमेची वाळू कुंडीत घालतो, दोन-तीन महिन्यांनी झाड रुसतं, आणि खापर पाण्यावर किंवा उन्हावर फुटतं.

म्हणून वाळू निवडताना प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी खडक कोणता ते बघायचं, मग दाणा किती मोठा, आणि शेवटी धुणं. बरेच जण थेट धुण्यापासून सुरुवात करतात. धुतल्याने माती जाते, मीठ जातं. खडक बदलत नाही.

वाळू घालायचीच कशाला?

ही झाडं निकस, आम्लधर्मी, सतत ओल्या जमिनीतली आहेत. फ्लायट्रॅपचं मूळ घर अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या किनारपट्टीत, तेही पीट (दलदलीत अर्धवट कुजून साठलेलं शेवाळ) मिसळलेल्या वाळूत. जमिनीतून नायट्रोजन-फॉस्फरस फारसं मिळत नाही म्हणून तर ती किडे पकडतात. त्यामुळे कुंडीत आपण जे घालतो त्याने झाडाला खाऊ घालायचं नसतं, फक्त धरून ठेवायचं असतं. वाळू पीटला मोकळं ठेवते, मुळांपर्यंत हवा पोचू देते, कुंडीला वजन देते आणि तरीही कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी वर चढू देते. नुसतं पीट किंवा कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वर्षभरात दबून गच्च होतं. मुळं काळी पडून कुजायला लागतात ती तिथे.

पर्लाइटनेही, म्हणजे तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेच्या पांढऱ्या दाण्यांनीही, हे काम होतं आणि ते हलकं असतं. मात्र पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या कुंडीतलं पर्लाइट वर तरंगून येतं, हिरवं पडतं आणि वाऱ्यावर उडतं. गच्चीवर झाडं ठेवणाऱ्याने वाळूच घ्यावी असं माझं मत आहे. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवत असाल तर वजनाचा विचार करून अर्धं-अर्धं करा.

खडक: इथेच निम्मी लढाई

आपल्याला हवी ती क्वार्ट्झची वाळू. क्वार्ट्झ पाण्यात किंवा पीटच्या सौम्य आम्लात व्यवहारात विरघळतच नाही. बेसाल्टचं तसं नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली खनिजं भरपूर असतात. शिवाय दख्खनच्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि कॅल्साइटचे स्फटिक असतात आणि नदीकाठच्या काळ्या मातीतून चुनखडीचे बारीक खडे वाळूत मिसळतात. साध्या बागेतल्या झाडाला हे चालतं, कित्येकदा आवडतंही. पीटचा सामू (पीएच) ४ च्या आसपास असतो; अशा आम्लात हे दाणे हळूहळू झिजतात आणि क्षार सोडत राहतात. तुम्ही वरून कितीही शुद्ध पाणी घाला, कुंडी आतूनच खारी होत जाते.

यावर एक वाजवी शंका निघते. कासच्या पठारावर, काळ्या सह्याद्रीच्या डोक्यावर, पावसाळ्यात दवबिंदू (ड्रॉसेरा) आणि सीतेची आसवं (युट्रिक्युलेरिया) उगवतातच की! दोन्ही कीटकभक्षी. मग बेसाल्ट का नको? कारण ती झाडं ताज्या बेसाल्टच्या चुऱ्यात उभी नसतात. पठाराच्या माथ्यावर जांभा आहे, म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेल्यावर मागे उरलेला लोह-ॲल्युमिनियमचा खडक. त्यावर मातीचा पातळ थर आणि हंगामभर वाहतं पावसाचं पाणी. आपली कुंडी ताटलीत उभी असते, पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. (पठारावरून झाड किंवा माती आणायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. ते संरक्षित क्षेत्र आहे आणि उपटलेला दवबिंदू घरी जगतही नाही.) जांभ्याचा चुरा वापरून पाहावा असंही कोणी सुचवतं, तो आम्लधर्मी असला तरी कुंडीत भिजून भिजून त्याचा चिखल होतो.

आता बाजारात जे मिळतं त्याकडे बघू.

काळी-करडी नदीची वाळू: पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातली बहुतेक याच प्रकारची. नको. नदीतून स्वतः उचलून आणायचा तर विषयच नको, वाळू उपशावर कायद्याची बंधनं आहेत.

क्रश सँड, एम-सँड, कच: खडीच्या मशीनवर बेसाल्ट फोडूनच केलेली, वर बारीक भुकटीने भरलेली. नदीच्या वाळूपेक्षाही वाईट.

पूर्व विदर्भातली कन्हान-वैनगंगेकडची वाळू: तिथले खडक वेगळे आणि जुने, त्यामुळे वाळू फिकट आणि क्वार्ट्झ जास्त. वापरता येते. पण त्याच पट्ट्यात संगमरवर आणि डोलोमाइट हे चुन्याचे खडकही आहेत, तेव्हा खालच्या चाचण्या केल्याशिवाय नाही.

समुद्रकिनाऱ्याची वाळू: मीठ धुता येईल, शिंपल्यांचा चुरा कसा काढणार? तो निव्वळ चुना आहे. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिकडच्या वाळवंटातल्या वाळूच्या बाबतीतही सावध राहावं. अमिरातीतल्या वाळूत शिंपल्यांचा चुना बराच असतो.

पांढरी शुभ्र सजावटीची वाळू: इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पांढरं म्हणजे सिलिका असं नाही. संगमरवराची कच, डोलोमाइटची भुकटी, मत्स्यालयासाठीची प्रवाळाची वाळू, सगळं पांढरंच असतं आणि सगळं आपल्या झाडांना विष. रंगीत वाळूवर रंगाचा लेप असतो. पक्ष्यांच्या पिंजऱ्यासाठीच्या वाळूत मुद्दाम शिंपले घातलेले असतात.

सिलिका सँड: हीच आपली. आपल्याकडे सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. काच, ओतकाम आणि पाणी गाळण्याच्या टाक्यांसाठी ती जाते. किंचित पिवळसर असेल तर घाबरू नका, तो लोहाचा डाग असतो.

सिलिका सँड मागायची कुठे आणि कशी

रोपवाटिकेत ती सहसा मिळत नाही. वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणारे, स्विमिंग पूलच्या फिल्टरची वाळू ठेवणारे, आणि कोल्हापूर-इचलकरंजीसारख्या ठिकाणी फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) माल पुरवणारे, या तिघांकडे विचारा. पाण्याच्या फिल्टरसाठीची वाळू सर्वांत सोयीची, कारण ती आधीच चाळून ठरावीक मापात विकली जाते.

दुकानात माप जाळीच्या आकड्यांत सांगतात. १६/३० म्हणजे साधारण १.२ ते ०.६ मिलिमीटर दाणा. बहुतेक कुंड्यांसाठी हे उत्तम. ८/१६ म्हणजे साधारण २.४ ते १.२ मिलिमीटर, हा दाणा थोडा जाड, मिश्रणात थोड्या प्रमाणात किंवा वरच्या थराला चांगला. पूल फिल्टरची वाळू बहुधा अर्धा ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असते, तीही चालते. ३० च्या पुढचे मोठे आकडे म्हणजे बारीक होत जाणारी वाळू, ती टाळा.

फौंड्रीवाल्याकडे गेलात तर एक गोष्ट ठासून विचारा: वाळू कोरी आहे की वापरलेली? वापरलेल्या ओतकामाच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. काही कोऱ्या वाळूवरही रेझिनचा लेप असतो, तिला कोटेड सँड म्हणतात. दोन्ही नकोत. "कोरी, धुतलेली, वाळवलेली, बिनकोटिंगची सिलिका, १६/३०" एवढं सांगितलं की समोरच्याला नेमकं कळतं.

२५ किलोची बॅग म्हणजे साधारण १६ लिटर वाळू. लिटरभर मिश्रण मावणाऱ्या पाच इंची कुंडीत निम्मी वाळू धरली तर एका बॅगेत तीसेक कुंड्या होतात. दोघा-तिघांनी मिळून एक बॅग घ्या. आणि शक्यतो आधी मूठभर नमुना मागून घरी आणा, बॅग नंतर.

नमुना घरी आल्यावर

पहिलं काम, नुसतं बघा. चमचाभर वाळू धुऊन काळ्या कागदावर आणि मग पांढऱ्या कागदावर पसरा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहा. क्वार्ट्झचे दाणे काचेसारखे, थोडे पारदर्शक दिसतात. चपटे, दुधी, पापुद्र्यासारखे तुकडे दिसले तर ते शिंपले. काळे-करडे अपारदर्शक दाणे जास्त असतील तर बेसाल्ट.

मग चुंबक. लहान पण जोरकस चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवा. (पिशवी विसरलात तर चिकटलेले कण काढता काढता संध्याकाळ होईल.) आपल्या बेसाल्टच्या वाळूत मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबकाला काळी दाढी फुटते. चार-दोन कण चिकटले तर हरकत नाही. दाढीच आली तर नमुना बाद.

तिसरी व्हिनेगरची. ही सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती चुकीची वाचतात. कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओतलं की बुडबुडे येतातच, कारण दाण्यांमधली हवा बाहेर पडते. म्हणून वाळू आधी शुद्ध पाण्याने भिजवा, ढवळून हवा जाऊ द्या, वरचं पाणी ओतून टाका आणि मग काचेच्या पेल्यात पांढरं व्हिनेगर घाला. आता पेला कानाजवळ न्या. चुना असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते, आणि एकाच दाण्यापासून बुडबुड्यांची माळ पुन्हा पुन्हा वर येताना दिसते. हवेचा बुडबुडा एकदा सुटतो आणि संपतो. चुन्याचा दाणा बुडबुडे सोडतच राहतो. डोलोमाइट मात्र आळशी असतं, थंड व्हिनेगरमध्ये ते जवळजवळ गप्पच बसतं. त्यासाठी थोडी वाळू खलबत्त्यात कुटून भुकटी करा, व्हिनेगर कोमट करा आणि पुन्हा बघा. रात्रभर पेला झाकून ठेवला तर उत्तम.

आणि इथेच खरी मेख आहे. बेसाल्टला व्हिनेगरमध्ये बुडबुडे येत नाहीत. तेव्हा चुनखडीचे खडे नसलेली काळी वाळू ही चाचणी आरामात पास होते, आणि "व्हिनेगरने तपासली होती हो" म्हणत माणूस गोंधळात पडतो. व्हिनेगर फक्त चुना ओळखतं, चांगली वाळू ओळखत नाही.

म्हणून चौथी चाचणी टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरची, आणि शेवटचा शब्द तिचाच. पेनासारखा साधा मीटर पुरतो. वाळू स्वच्छ धुऊन घ्या. एका पेल्यात एक वाटी वाळू आणि एक वाटी शुद्ध पाणी, दुसऱ्या पेल्यात नुसतं तेच पाणी. दोन्ही झाकून २४ तास ठेवा, ढवळा, गाळ बसू द्या आणि मोजा. दोन पेल्यांमधला फरक १०-१५ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आत असेल तर वाळू निर्धास्त घ्या. फरक जास्त आला तर लगेच फेकू नका. तीच वाळू पुन्हा धुवा आणि चाचणी पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला आकडा बराच खाली आला तर ते वरवरचं मीठ होतं, आणखी धुतल्यावर जाईल. दर खेपेला जवळजवळ तेवढाच वाढत असेल तर दाणाच विरघळतोय, आणि त्याला धुण्याचा इलाज नाही.

शुद्ध पाणी म्हणजे कोणतं? पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन साठवलेलं पावसाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, एसीतून ठिबकणारं पाणी. घरच्या आरओच्या पाण्यात बऱ्याचदा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, तेव्हा ते मोजूनच घ्या. झाडांना घालायचं पाणीही ५० पीपीएमच्या आत असावं. बॅटरीचं पाणी चालतं, मात्र ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर असल्याची खात्री करा. बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं आणि कॅन सारखेच दिसतात.

चाळणं आणि धुणं

फिल्टरची मापातली वाळू आणली असेल तर चाळायची फारशी गरज नाही. इतर ठिकाणची असेल तर चाळावीच लागेल. अर्धा मिलिमीटरपेक्षा बारीक आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड दाणा बाजूला काढायचा. चाळणीवर माप लिहिलेलं नसतं, पण पट्टी ठेवून भोकं मोजता येतात. एका सेंटीमीटरमध्ये १४-१५ भोकं असतील तर तारेची जाडी वजा जाता एक भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. ४ भोकं असतील तर साधारण दोनाचं. या कामासाठी चाळणी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली नेलीत तर घरात महाभारत.

सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. सिलिकोसिस हा आजार खाणकामगारांना होतो तो याच धुळीने. आपला संबंध तासाभराचा असला तरी मास्क लावा, उघड्यावर चाळा, किंवा सरळ बादलीत पाण्याखाली ओलीच चाळा.

धुताना बादली पाव भरा, त्याहून जास्त नको. हात कोपरापर्यंत घालून तळापासून ढवळा, पाच-सहा सेकंद थांबा आणि गढूळ पाणी ओता. जाड दाणा तेवढ्यात खाली बसतो. जे अजून तरंगतंय ते आपल्याला नकोच असतं. सुरुवातीची धुणी नळाच्या पाण्याने चालतात. ढवळल्यावरही बादलीचा तळ दिसायला लागला की शेवटची दोन-तीन धुणी शुद्ध पाण्याची, नाहीतर नळाच्या पाण्यातले क्षार वाळूत राहतात. जुन्या सुती कापडावर निथळत ठेवा.

किती गाळ निघाला हे बघायचं असेल तर पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. वाळू मिनिटभरात बसते. तासाभराने तिच्यावर मऊ मातकट साय दिसली तर आणखी धुवा.

कोणाला किती

पुढची सगळी प्रमाणं मापाने, वजनाने नाही. फ्लायट्रॅप आणि सारासेनियाला पीट आणि वाळू समसमान. ड्रॉसेरा बर्मानी, इंडिका यांसारख्या आपल्याकडच्या हंगामी ड्रॉसेरांनाही तेच. ऑस्ट्रेलियातल्या पिग्मी आणि कंदवाल्या ड्रॉसेरांना वाळू जास्त लागते, दोन भाग वाळूला एक भाग पीट. जमिनीवर वाढणाऱ्या युट्रिक्युलेरियांना उलट, पीट थोडं जास्त चालतं. नेपेन्थसला, म्हणजे घटपर्णीला, बारीक वाळू घालूच नका. तिची मुळं नारळाच्या सोडणाचे तुकडे, स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ) आणि पर्लाइट अशा भरड मिश्रणात खूश असतात. मेक्सिकोतले बरेच पिंग्विक्युला (चिकट पानांची कीटकभक्षी झाडं) चुनखडीवर किंवा जिप्समवर वाढणारे आहेत, त्यामुळे त्यांना थोडा चुना खपतो. वर सांगितलेल्या नियमाला तेवढाच अपवाद.

एक चूक वारंवार दिसते: पीटमध्ये चिमूटभर वाळू घालून निचरा सुधारेल अशी आशा. दहा-पंधरा टक्के वाळू पीटमध्ये नुसती अडकून बसते, दाण्याला दाणा टेकत नाही आणि फट तयारच होत नाही. घालायची तर निम्म्याच्या आसपास घाला.

पीटऐवजी कोकोपीट वापरणार असाल तर त्याचाही टीडीएस मोजा. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा खारं पाणी मुरलेलं असतं आणि काही वेळा त्यावर कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया केलेली असते, म्हणजे खतच. वाळूइतकंच तेही धुवावं लागतं.

मिसळताना पीट आधी कोमट पाण्याने पूर्ण ओलं करा. कोरडं पीट पाणी झिडकारतं आणि वाळू तळाशी घसरते. मूठ आवळल्यावर दोन-चार थेंब गळावेत, गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर मोडावा. कुंडी प्लॅस्टिकची घ्या. मातीच्या कुंडीच्या अंगात क्षार साठत जातात आणि सिमेंटची तर स्वतःच चुना सोडते. भरल्यावर थापटून दाबू नका, वरून पाणी घालून आपोआप बसू द्या. पाणी काही सेकंदांत आत शिरलं पाहिजे. वर तळं साचत असेल तर बारीक दाणा राहिलाय.

सगळ्यात वर अर्धा सेंटीमीटर जाड वाळूचा थर द्या. पावसाळ्यात गच्चीवर याचा मोठा उपयोग होतो: थेंब आपटून पीट उडत नाही आणि ड्रॉसेराच्या चिकट पानांवर काळा चिखल बसत नाही. शेवाळ आणि कुंडीतली चिलटंही कमी होतात.

लावल्यानंतर महिन्याभराने एकदा कुंडी वरून शुद्ध पाण्याने भिजवून खालून निघणारं पाणी मोजा आणि आकडा कुंडीच्या लेबलावर लिहून ठेवा. नव्या पीटमुळे सुरुवातीला थोडा आकडा दिसेलच. दर महिन्याला तो खाली येत असेल तर सगळं ठीक. वर चढत असेल, वाळूवर पांढरी पुटं धरत असतील, कुंडीतलं जिवंत स्फॅग्नम तपकिरी पडत असेल, तर आधी घालायचं पाणी तपासा. पाणी चांगलं निघालं तर वाळूवर संशय घ्या आणि झाड नव्या मिश्रणात हलवा. फ्लायट्रॅप आणि सारासेनियासाठी हे काम थंडीच्या शेवटी, नवी वाढ फुटायच्या आधी केलेलं बरं. पण मुळं काळी पडायला लागली असतील तर मुहूर्त बघत बसू नका.